सोळा वर्षे चार महिने

"माज्या लेकीचं वय तुमी कोन सांगनार? हिला मी जलम दिलाय का तुमी?"

एक्स-रेचं पाकीट माझ्या टेबलावर असं आदळलं की रजिस्टरची दोन पानं आपोआप उलटली. खिडकीबाहेरची रांग वाकून आत बघू लागली. मी या सरकारी दवाखान्यात चोवीस वर्षं एक्स-रे काढते. लोकांनी आरडाओरडा करणं मला नवीन नाही. नंबर लागत नाही म्हणून ओरडतात, लाइट गेली म्हणून ओरडतात, मोडलेला पाय फोटोत मोडलेला दिसला म्हणूनसुद्धा माझ्यावरच ओरडतात. पण वयावरून भांडायला आलेली ही पहिलीच बाई होती.

"काय झालं ते नीट सांगा," मी म्हटलं.

"काय सांगायचं? तुमीच लिवलंय की. सोळा वर्सं चार म्हैने. माजी पोर पंधरा वर्सांची हाय. पंधरा आन् तीन म्हैने. आये हाय मी तिची."

तिच्या मागं ट्रॅकसूट घातलेली एक उंच, काटक मुलगी मान खाली घालून उभी होती. मी तिला लगेच ओळखलं. म्हणजे चेहऱ्यावरून नव्हे, डाव्या हातावरून. करंगळीच्या बुडाशी खरचटल्याचा जुना व्रण होता. खो-खोत खांब धरून वळताना लागलेला, असं तिनंच मला सांगितलं होतं. आठ दिवसांपूर्वी अशा दहा मुलींचे दहा हात मी प्लेटवर ठेवून घेतले होते. सोळा वर्षांखालच्या राज्य संघासाठी निवडलेल्या मुली. ज्यांच्या जन्माची नोंद उशिरा झाली, त्यांच्या हाताचा फोटो काढून वय ठरवायचं, असा निवड समितीचा नियम होता. एक सप्टेंबर दोन हजार नऊच्या आधी जन्मलेली मुलगी चालणार नव्हती.

दहापैकी तीन मुली बाद झाल्या. त्यातली एक ही, वैष्णवी. मंद्रूपची. आई रुपाली तिथल्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते. वडील कुंभारीला बांधकामावर.

मी दोघींना आत घेतलं, स्टुलांवर बसवलं आणि खिडकी लावून घेतली. बाहेर शिव्या सुरू झाल्या, त्या होऊ दिल्या. कारण त्या रिपोर्टवरचा आकडा डॉक्टरांनी सांगितला असला तरी टाईप मी केला होता. या दोन बोटांनी.

"हे बघा रुपालीताई, लहानपणी हाडांच्या टोकांशी फटी असतात. वय वाढतं तशा त्या बुजत जातात. किती बुजल्या ते बघून डॉक्टर अंदाज करतात. अंदाज. कुणाच्या लवकर बुजतात, कुणाच्या उशिरा. चौदाच्या पोरीचा हात सोळाचा दिसतो, सतराच्या पोरीचा पंधराचा."

"मंग तसं लिवायचं की."

तसं लिहायला जागाच नसते. समितीच्या फॉर्मवर एकच चौकोन असतो. वय, इतकी वर्षे, इतके महिने. 'ते' नाही, 'सुमारे' नाही, 'दरम्यान' नाही. गेल्या वर्षी आम्ही त्या चौकोनात बारीक अक्षरात दोन आकडे लिहिले, तर फॉर्म लाल शेरा मारून परत आला. 'निश्चित आकडा द्यावा.' तेव्हापासून आम्ही निश्चित आकडा देतो. इतका सोपा मार्ग कुणी दाखवला तर कोण नाही जाणार?

"मंग परत काडा फोटू," रुपाली म्हणाली. "धा बार काडा. दुसऱ्या हाताचा काडा. पुण्याला मोटं मशीन असंल तर तितं जातो."

हाच प्रश्न मी त्या मुलींचे फोटो काढले त्या आठवड्यात घरी माझ्या लेकीला विचारला होता. माहेनूर बी.एस्सी.ला आहे, संख्याशास्त्र घेऊन. जेवताना तिला म्हटलं, दहा फोटो काढून सरासरी घेतली तर? ती भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून हसली होती.

"अम्मी, एकीच हाथ के सौ फोटू निकाले तो बी खबर एकीच हाथ की. सौ लडकियां लाव, सब का मिलाके सरासरी वय मैं बरोबर बताती. पन एक छोकरी का नै. उस हाथ में जित्ती खबर हय उत्तीच निकलती. फॉर्म्युला कित्ता बी होशियार रहने दे, डाक्टर कित्ता बी बडा रहने दे, उस के नीचे गलती जातीच नै. दीवार हय वो."

"दीवार कौन बांध्या?"

"कोई नै बांध्या. हयच."

त्यांच्या पुस्तकात त्या भिंतीचं गणित आहे म्हणे, रीतसर सिद्ध केलेलं. माहेनूरनं वहीत काढून दाखवलं, मला त्यातलं फक्त बरोबरचं चिन्ह कळलं. पण म्हणणं कळलं. मशीन चांगलं आणलं तर फोटो चांगला येईल. हातालाच तारीख ठाऊक नसेल तर चांगल्या फोटोत ती कुठून येणार? मी हे रुपालीला जमेल तसं सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजी तुमाला म्हाईत न्हाय. न्हाय म्हाईत तर न्हाय म्हनायचं. माज्या पोरीला खोटी का पाडताय?"

खोटी. नुसतं बाद झाली असती तरी एक वेळ चाललं असतं. समितीचं पत्र तिनं पिशवीतून काढून दाखवलं. वय लपवल्याबद्दल दोन वर्षं खेळायला बंदी का घालू नये, याचा खुलासा शुक्रवारपर्यंत करावा. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. वैष्णवी तेवढ्यात पहिल्यांदा बोलली.

"म्याडम, मी काय लपवलं न्हाय. तुमी हात ठेव म्हनला, मी ठेवला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक उद्योग केला. नोकरीत असा आगाऊपणा मी कधी केला नव्हता. अमरेश डॉक्टर अकरा वाजता फिल्म वाचायला बसतात. मी वैष्णवीचीच फिल्म नावाच्या पट्टीवर कागद चिकटवून गठ्ठ्यात मधेच सरकवली. डॉक्टर अक्कलकोटचे, बुद्धीनं तल्लख, वागायला साधे. चहा पीत पीत एकेक फिल्म उजेडावर धरत होते, मी लिहीत होते.

"ही कुणाची? हाताची आहे. हं. पंधरा आठ लिही. फार तर पंधरा दहा."

मी कागद सोलून काढला. त्यांनी नाव वाचलं, कप खाली ठेवला.

"हौदा? खरंच?" चकित झाले की ते कानडीवर जातात.

"आठ दिवसांपूर्वी तुम्ही हिलाच सोळा चार दिले होते, सर."

मला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. चष्मा पुसत म्हणाले, "दोन्ही बरोबर आहेत, जुलेखा. उद्या परत दाखवलीस तर मी सोळा म्हणेन. तेही बरोबर. एवढ्या एका हातावरून याहून बारीक कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही, माझ्या गुरूलाही नाही."

"मग सोळा चार कशाला लिहिलं? ती पोरगी घरी बसली!"

"मी लिहिलं नसतं तर दुसऱ्यानं लिहिलं असतं."

"मग दुसऱ्यानं लिहिलं असतं! आपण कशाला लिहिलं?"

चोवीस वर्षांत मी डॉक्टरांसमोर आवाज चढवला नव्हता. वॉर्डबॉय दारातून डोकावला आणि लगेच नाहीसा झाला. डॉक्टर लेटरहेड काढून स्वतःच्या हातानं लिहू लागले. सदर मुलीचे वय साडेचौदा ते अठरा वर्षांच्या दरम्यान असू शकते. याहून नेमके सांगणे या तपासणीतून शक्य नाही. खाली सही, शिक्का.

"हे मानतील असं मला वाटत नाही," ते म्हणाले. पण पत्र दिलं, तेवढं मी त्यांच्या बाजूनं धरते.

रुपालीला फोन केला. पत्रात काय आहे ते तिनं विचारून घेतलं. मग म्हणाली, "एक कागद हाय माज्याकडं. पर तो काडायचा न्हाय म्हनून ठिवलाय. आनते."

शुक्रवारी मी रजा टाकली. समितीचं कार्यालय म्हणजे स्टेडियमच्या पायऱ्यांखालची एक खोली. आत कुलर, ढालींनी भरलेलं कपाट आणि टेबलामागं समितीचे साहेब. बाजूच्या खुर्चीत उदयसिंह सर, मुलींचे प्रशिक्षक. सरांचा चेहरा रात्रभर झोपले नसल्यासारखा होता. वैष्णवीला सहावीपासून त्यांनीच तयार केलेली.

साहेबांनी डॉक्टरांचं पत्र वाचलं.

"साडेचौदा ते अठरा? हे काय उत्तर झालं? असं तर मी पण सांगतो घरबसल्या." त्यांनी पत्र बाजूला सारलं. "मॅडम, तुमच्याच दवाखान्याचा आधीचा रिपोर्ट आहे. सोळा वर्षं चार महिने. किती स्वच्छ लिहिलंय."

"तो मी टाईप केलाय साहेब. चौकोनात एकच आकडा मावतो म्हणून एक लिहिला. तो आकडा चूक नाही, पण एकटा आहे. त्याच्या मागंपुढं दीड-दोन वर्षं आहेत."

"मागंपुढं आम्हाला चालत नाही. नियमात अचूक वय म्हटलंय."

"नियमात म्हटल्यानं हाडाला कळतं का?"

उदयसिंह सरांनी मला हातानं खूण केली, शांत व्हा. रुपाली इतका वेळ उभीच होती. ती मुलीला म्हणाली, "तू भाईर थांब."

"का? माजंच चाललंय की," वैष्णवी म्हणाली आणि हलली नाही.

रुपालीनं एकदा तिच्याकडं बघितलं. मग प्लास्टिकच्या पिशवीतून दुसरी पिशवी, त्यातून घडी घातलेला एक जुना कागद काढला आणि टेबलावर उलगडून ठेवला. जन्माचा दाखला होता. इथल्याच एका दवाखान्याचा. वीस मे दोन हजार नऊ. मुलगी. आईचं नाव रुपाली, पहिलं बाळंतपण.

"ही माजी पैली लेक," ती म्हणाली. "हिच्या आदीची. सदतीस दिसांची हून गेली. दवाखान्यात बाळातपन केलं तरी गेली, म्हनून दुसऱ्या खेपंला सासूनं दवाखान्यात जाऊ दिलं न्हाय. माह्यारी दुधनीला गेले, घरीच बाळातपन झालं. ती ही. म्हनून हिचा कागुद उशिरा झाला. आता तुमीच सांगा साहेब. वीस मेला एक लेकरू झालं. एक सप्टेंबरच्या आत दुसरं व्हईल का कुनाला? साडेतीन म्हैन्यात?"

उदयसिंह सर खुर्चीत पुढं सरकले. मला तर ओरडावंसं वाटलं, आनंदानं. आमची मशीनं, डॉक्टरांची पुस्तकं, माझी चोवीस वर्षं, सगळ्यांना मिळून जे सांगता येत नव्हतं ते या बाईनं चार वाक्यांत सांगून टाकलं होतं. वैष्णवी सोळाच्या आतलीच होती. यात अंदाज नव्हता, मागंपुढं काही नव्हतं. वैष्णवी मात्र त्या कागदाकडं बघत होती. तिला या बहिणीचं काही ठाऊक नव्हतं, हे मला त्या वेळी कळलं.

साहेबांनी कागद जवळ घेतला. मग बोटांवर महिने मोजायला लागले. मे, जून, जुलै. मोजता मोजता त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"वा," ते म्हणाले. "मे दोन हजार नऊ ते सप्टेंबर दोन हजार पंचवीस. बरोबर सोळा वर्षं चार महिने. बघा सर, मशीन खोटं बोलत नाही."

"म्हंजी?" रुपालीनं विचारलं.

"म्हणजे हा दाखला हिचाच आहे, बाई. वय कमी दाखवायला तुम्ही दुसरा काढला. नावाचा रकाना बघा, रिकामा आहे."

"बारा दिसांनी बारसं झालं. आरोही ठिवलंवतं नाव. दाखल्यावर चडवायच्या आदीच गेली."

"मृत्यूचा दाखला आहे?"

"सदतीस दिसाच्या लेकराचा कोन काडतंय वो दाखला? शेताच्या बांदाला पुरलं. या की दाखवते."

"तोंडी सांगून कसं चालेल?"

मी उठून उभी राहिले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, की माझा आकडा आणि हा दाखला जुळणं हा निव्वळ योगायोग आहे, आठ दिवसांनी त्याच फिल्मचे पंधरा आठ आले होते, ते आधी आले असते तर तुम्ही काय जुळवलं असतं, असं मी ओरडून विचारलं. साहेब म्हणाले, आले नाहीत ना आधी? मग त्यांनी पाणी मागवलं, माझ्यासाठी. मी ते पाणी प्यायले नाही.

साहेब तसे दुष्ट नव्हते, हे मला सांगावंच लागेल. दुष्ट असते तर सोपं झालं असतं. त्यांनी उदयसिंह सरांना जवळ बोलावलं, दोघं हळू बोलले, आणि सर आमच्याकडं वळले.

"रुपालीताई, ऐका. साहेब मार्ग काढतायत. हा दाखला वैष्णवीचाच आहे, चुकून दुसरा दिला गेला, असं लिहून द्या. नोंदीतली चूक म्हणून सोडून देतील, बंदी नाही. अठराच्या आतल्या संघात मी तिला या आठवड्यात उभी करतो. नाहीतर दोन वर्षं जातील. या वयातली दोन वर्षं परत येत नाहीत, ताई. सोन्यासारखी पोरगी आहे."

सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी तसं लिहून कागद आणि पेन पुढं सरकवलं. रुपालीनं पेन उचललं. जिवंत लेकीसाठी तिनं सही केली असती तर तिला बोलायचा हक्क आमच्यापैकी कुणालाच नव्हता.

पेन हातात धरून ती वैष्णवीकडं वळली.

"खेळनं तुजं हाय. तू सांग, करू?"

वैष्णवीचा श्वास जोरात चालला होता, पळून आल्यासारखा.

"तिला दूद पाजलंवतंस?" तिनं विचारलं.

"व्हय की."

"माज्यावानी दिसत व्हती?"

"तुजं नाक तिच्यावर गेलंय."

वैष्णवीनं मनगटानं डोळे पुसले. "मंग तिचा कागुद मला नको. दोन वर्सं न्हाय खेळत. अठरा पुरं व्हायच्या आत बंदी सरती. मी पळत ऱ्हाते की रानात."

सर खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. साहेबांनी नाइलाज झाल्यासारखा एक छापील फॉर्म काढला, बंदीचा. त्याच्या तळाशी 'पालकांचे म्हणणे' असा रकाना होता आणि त्यात चार ओळी. तिथं 'काही नाही' लिहून सही करायची पद्धत आहे, असं ते म्हणाले.

"म्याडम, तुमचं अक्षर चांगलं हाय," रुपाली मला म्हणाली. "मी सांगते तसं लिवा. तसंच."

मी लिहिलं. शब्द तिचे, मी फक्त ते लिहिण्याच्या भाषेत बसवले.

'मला दोन मुली झाल्या. थोरली आरोही, जन्म वीस मे दोन हजार नऊ, सदतिसाव्या दिवशी वारली. धाकटी वैष्णवी, जन्म अकरा जून दोन हजार दहा. दोघी वेगळ्या आहेत. मी त्यांची आई आहे.'

तिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग एकेक अक्षर जोडत सही केली, खाली तारीख घातली, आणि फॉर्म साहेबांपुढं ठेवला.

"हेची पोच द्या."

"याची पोच नसते हो. झेरॉक्स घेऊन जा हवी तर."

"झेराक्स घेते. वर तुमचा शिक्का पायजे. तुमची सई पायजे. तवर मी हलत न्हाय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी खुर्ची ओढून परत बसले. शिपाई झेरॉक्स काढून आला, साहेबांनी शिक्का मारला आणि सही केली. शिक्क्याची शाई ओली होती. रुपालीनं तो कागद दोन्ही हातांत आडवा धरला आणि आरोहीच्या नावाला शाई लागू नये म्हणून त्यावर हळूहळू फुंकर घालत ती दारातून बाहेर पडली.